डावीकडची बैठक

चहाच्या किटलीचं झाकण वाफेने थडथड उडताना ज्याने पाहिलं आहे, त्याला निम्मं रेल्वे इंजिन कळलं असं खुशाल समजावं. उरलेलं निम्मं म्हणजे ती वाफ इकडेतिकडे वाया जाऊ न देता बरोबर वेळेला आणि बरोबर बाजूने एका दट्ट्याच्या पाठीत घालणं. माझं नोकरीतलं उमेदीचं वय या उरलेल्या निम्म्यात गेलं. मी झाशीच्या रेल्वेत फिटर होतो आणि इंजिनाच्या झडपा लावणं हे माझं काम होतं. झडप म्हणजे वाफेला दार उघडणारा आणि लावणारा दरवान. या दरवानाला डुलकी लागली की इंजिन लंगडत चालतं, आणि ते लंगडणं चांगल्या फिटरला इंजिन दिसायच्या आधी ऐकू येतं. मला येत असे. आता मला घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत नाही असं माझ्या बायकोचं, कुसुमचं म्हणणं आहे, पण तो कानांचा दोष नसून लक्षाचा आहे.

माझे वडील भुसावळहून बदलीवर इथे आले ते इथलेच झाले. आम्ही पाटील, इथे आमचं 'पाटील जी' झालं. घरात मराठी, दारात हिंदी आणि शेडमध्ये बुंदेली अशी आमची विभागणी. त्यामुळे जळगावकडचे पाहुणे आले की माझ्या मराठीला गालात हसतात. या लेखातही अधूनमधून त्यांना हसायला मिळेल, त्याला माझा इलाज नाही.

वाफेची इंजिनं गेली तेव्हा आम्हा फिटरांना डिझेलवर घेतलं. डिझेल इंजिन चांगलं असतं, स्वच्छ असतं, सकाळी बटण दाबलं की सुरू होतं. त्याच्याबद्दल माझी एवढीच तक्रार आहे की त्याला आपली गरज असल्यासारखं वाटत नाही. वाफेच्या इंजिनाला सकाळी चार तास आधी उठवावं लागे, पाणी पाजावं लागे, पोटातली राख काढावी लागे. निवृत्त झाल्यावर मला कळलं की मी उरलेली वर्षं डिझेलवर पगार घेतला, पण नोकरी वाफेचीच केली.

निवृत्तीनंतर पहिले काही महिने मी घरातल्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरलो. कुसुमने एक दिवस तेलाचा डबा लपवून ठेवला. त्याच आठवड्यात अपर्णा आमच्याकडे आली, आणि कुसुमने तिला देवाने पाठवली असं समजून दोनदा चहा पाजला.

अपर्णा खंडेराव गेटजवळच्या जुन्या मराठी कुटुंबातली. तिचे पूर्वज इथे कारभारी म्हणून आले, त्याला अडीचशेच्या वर वर्षं झाली असतील. ती इथल्या कॉलेजात इतिहास शिकवते. तिच्या घरात अजून स्वयंपाकघराला 'मुदपाकखाना' म्हणतात, पण ती स्वतः दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरते. ती म्हणाली, "काका, जुन्या लोको शेडच्या पीछे एक इंजिन पडलं आहे. ते कबाड़ात जाणार आहे. तुम्ही एकदा बघून घ्या ना."

मी बघायला गेलो. शेडच्या मागे घाणेरीचं रान माजलं होतं, आणि त्या रानात एक छोटं इंजिन उभं होतं. धुराड्यात मधमाश्यांचं पोळं, भट्टीच्या दारातून बाभळीची फांदी बाहेर आलेली, बाजूच्या पाण्याच्या टाकीवर पांढऱ्या खडूने 'भंगार' असं लिहिलेलं. मी टाकीवरची धूळ हाताने पुसली आणि मला एकदम ओळख पटली. ही आमची बिन्नू होती. बुंदेलीत घरातल्या लाडक्या पोरीला बिन्नू म्हणतात. ही यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायची. मोठ्या इंजिनांच्या पायात घुटमळायची म्हणून शेडच्या लोकांनी तिला हे नाव दिलं होतं. तिला त्या दशेत पाहून मला भरून आलं. मी ते अपर्णाला सांगितलं नाही, बाभळीचा काटा लागला असं म्हणालो.

तिने रेल्वेच्या साहेबांच्या कचेरीत हेलपाटे घालून परवानगी मिळवली. अट एकच होती. ठरलेल्या दिवशी बिन्नू स्वतःच्या वाफेवर, स्वतःच्या चाकांवर चालून दाखवेल, तर ती झाशीत राहील आणि आमच्याकडे सोपवली जाईल. नाही चालली, तर रंग लावून दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयात चौथऱ्यावर उभी केली जाईल.

अशा रीतीने आमचं मंडळ उभं राहिलं. त्याला एक भारदस्त नाव आहे, नोंदणी आहे, शिक्का आहे. कुसुम त्याला 'कबाड़ी मंडळ' म्हणते आणि शेजारीपाजारी तेच रूढ झालं आहे. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा म्हातारे डबे घेऊन शेडमध्ये जमायचो. त्यातल्या दोघांबद्दल सांगितलं पाहिजे.

एक इदरीस भाई. तेही माझ्यासारखेच झडपांचे फिटर, पण ते सवारी गाड्यांच्या इंजिनांवर होते आणि मी मालगाड्यांच्या. बाहेरच्या माणसाला यात काही फरक वाटणार नाही. आमच्यात मात्र नोकरीभर या मुद्द्यावर थट्टा चालली. त्यांच्या मते मालगाडीचं इंजिन म्हणजे रेडा, त्याला फिटर लागत नाही, काठी लागते. माझ्या मते सवारीचं इंजिन पुसून ठेवण्यातच त्यांचा निम्मा दिवस जायचा.

दुसरे रामसनेही. ते आमच्यात सगळ्यात वडील. एरचजवळच्या एका खेड्यातून तरुणपणी झाशीला आले, फायरमन म्हणून लागले आणि बरीच वर्षं या बिन्नूवरच होते. फायरमनचं काम म्हणजे भट्टीत कोळसा घालणं. ऐकायला सोपं वाटतं. पण कोळसा नुसता आत फेकला की झालं असं नसतं. फावडं आत जाताना मनगटाला एक हिसका द्यावा लागतो, मग कोळसा पसरतो. नाहीतर एका कोपऱ्यात ढीग होतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात आग मरते. काचेच्या नळीत पाणी दिसलं पाहिजे, धूर काळा होता कामा नये, आणि हे सगळं हलत्या इंजिनात, एका बाजूने भाजत आणि दुसऱ्या बाजूने गारठत. चांगला फायरमन असला तर ड्रायव्हर राजा. राजा डावीकडे बसायचा. आमच्याकडे ड्रायव्हरची बैठक डावीकडे असते, फायरमनची उजवीकडे.

शेडचा एक जुना रिवाज होता. फायरमन डावीकडच्या बैठकीवर कधी बसत नसे. इंजिन उभं असलं, ड्रायव्हर साहेब चहाला गेले असले, पाय मोडून आले असले तरी नाही. कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण बसला तर त्याची बढती लांबते असं सगळे मानत. रामसनेहींनी हा रिवाज इमानदारीने पाळला. मग त्यांची ड्रायव्हर व्हायची पाळी आली आणि त्याच सुमारास वाफेची इंजिनं गेली. ते डिझेलचे ड्रायव्हर झाले, मोठ्या गाड्या चालवल्या, मान मिळाला. पण ज्या बैठकीकडे बघत त्यांनी सगळं तरुणपण फावड्यावर काढलं, ती बैठक त्यांना मिळाली नाही.

ते हे कधी बोलून दाखवत नसत. मला कळलं ते एका रविवारी. बिन्नूची केबिन साफ करायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. डावीकडची फळी कुजली होती, ती त्यांनी शिसवीची नवी बसवली, घासली, तेल लावून चकचकीत केली. त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून मी म्हटलं, जरा टेकून घ्या. ते उजवीकडच्या उघड्या लोखंडावर जाऊन बसले. घरी येऊन मी कुसुमला म्हणालो की इंजिन चाललं तर हा माणूस डावीकडे बसला पाहिजे. ती म्हणाली, आधी चालू तर दे.

चालवण्याच्या वाटेत अडचणींची रांग होती. मधमाश्यांनी आम्हाला दोन रविवार शेडमध्ये शिरू दिलं नाही. बाभूळ कापली तर तिची मुळं राखेच्या पेटीतून खाली गेलेली निघाली. बॉयलरची तपासणी तर छातीत धडकी भरवणारी. त्यात गार पाणी गच्च भरून दाब देतात आणि कुठे पाझर फुटतो का बघतात. तपासनीस हातोडीने एकेक खिळा ठोकून कान लावतो. चांगला खिळा टण्ण वाजतो, तुटलेला बद्द. बिन्नूचे थोडे बद्द निघाले, ते बदलले. बाकी टणटणीत होते. पूर्वी ज्यांनी ती घडवली त्यांनी कामात कसूर केली नव्हती, हे त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मान्य केलं.

शिट्टीची गोष्ट वेगळी. पितळेचं जे जे होतं ते कधीच चोरीला गेलं होतं, त्यात शिट्टीही. तशी शिट्टी आता कोणी घडवत नाही. मग कोणीतरी बातमी आणली की समथरच्या बाजारात एका भांडीवाल्याकडे तसलं काहीतरी आहे. मी आणि इदरीस भाई बसने समथरला गेलो. हुकुमचंद नावाचे ते गृहस्थ गादीवर बसले होते आणि गल्ल्याशेजारी उदबत्ती, हळदकुंकू लावलेली आमची शिट्टी उभी होती. त्यांच्या वडिलांनी ती भंगारात घेतली, आणि त्या वर्षी धंदा असा चालला की ती देव्हाऱ्यात गेली. वितळवायची कोणाची छाती झाली नाही. आम्ही किंमत विचारली. त्यांनी कानांवर हात ठेवले. लक्ष्मी कोणी विकतं का, असं त्यांचं म्हणणं.

इदरीस भाईंनी त्यांना विचारलं की या लक्ष्मीचा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे का. हुकुमचंदांना वाटत होतं ती कळस आहे. ती शिट्टी आहे आणि वाफेने वाजते, एवढी की मोठ्या मैदानाच्या पलीकडे ऐकू जाते, हे कळल्यावर त्यांनी चहा मागवला. शेवटी ठरलं ते असं: शिट्टी उसनी मिळेल, पण पहिल्यांदा दोरी ते स्वतः ओढतील. आम्ही आनंदाने कबूल केलं. त्यातला धोका तेव्हा आमच्या लक्षात आला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या बाहेरच्या खुंटीवर एक छोटा दांडा असतो, त्याला रिटर्न क्रँक म्हणतात. चाक कुठपर्यंत फिरलं हे तो झडपेला सांगतो. हा दांडा पुढे झुकलेला बसवता येतो किंवा मागे झुकलेला. दोन्ही तऱ्हेने इंजिन उत्तम चालतं. फरक इतकाच की एका तऱ्हेत ड्रायव्हरने लिव्हर पुढे टाकला की इंजिन पुढे जातं, आणि दुसऱ्या तऱ्हेत मागे. इंजिन घडवणाऱ्याने आतली मांडणी कशी केली आहे त्यावर कोणती तऱ्हा बरोबर ते ठरतं.

बिन्नूचे क्रँक चोरीला गेले होते. आम्ही नवे घडवून घेतले, त्यामुळे जुन्या खुणेचा आधार नव्हता. मी म्हटलं मागे झुकवा, माझी सगळी माल इंजिनं तशीच होती. इदरीस भाई म्हणाले, "पाटील जी, रेडे की बात छोड़िए, यह बच्ची है," आणि पुढे झुकवायचा आग्रह धरला. आम्ही एक पूर्ण रविवार भांडलो. जमिनीवर खडूने आकृत्या काढल्या, पुसल्या, पुन्हा काढल्या. जेवणाचे डबे उघडायचे राहिले. अपर्णा वैतागून म्हणाली, "काका, तुम्ही लोक भांडा मत ना. या इंजिनवर ज्यांनी काम केलं त्यांना विचारा."

हे आम्हाला एकदम पटलं. बिन्नूवर वर्षानुवर्षं राहिलेला एकच माणूस आमच्यात होता. आम्ही दोघे रामसनेहींपुढे जाऊन उभे राहिलो आणि विचारलं, दादा, दांडा कुठे झुकायचा? त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मान वर केली, डोळे मिटले, खूप आठवल्यासारखं केलं आणि ठाम आवाजात म्हणाले, "आगे." इदरीस भाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी पाना उचलला आणि दोन्ही क्रँक पुढे झुकवून घट्ट केले. वयाने आणि अनुभवाने मोठ्या माणसाने सांगितल्यावर वाद संपतो, आमच्या शेडची तशी शिस्तच होती. पहारीने चाकं फिरवून पाहिली. झडपा सुरेख उघडत होत्या, मिटत होत्या. त्या तशा दोन्ही तऱ्हांत उघडतात-मिटतात हे मी आत्ताच सांगितलं.

ठरलेला दिवस जवळ आला आणि कचेरीतून कळलं की इंजिन चालवायला वाफेचा चालू परवाना असलेला ड्रायव्हर लागेल. आमच्यात कोणाकडे नव्हता. दुसऱ्या शहराहून सक्सेना जी नावाचे ड्रायव्हर येणार होते. ते सणासमारंभाला जुनी इंजिनं चालवतात. नियम बरोबरच होता, वाफ ही काही खेळायची वस्तू नाही. मी रामसनेहींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले की अच्छी बात है, भट्टी हम संभाल लेंगे. मग ते उगाचच फावडं पुसत बसले, आणि मला साहेबांचा, नियमांचा आणि सगळ्या जगाचा राग आला.

आदल्या दिवशी वाफ करून बॉयलर पाहिला, सगळं ठीक होतं. जागेवरून हलवायची परवानगी मात्र साहेब समोर असतानाच होती.

तो दिवस थंडीतला, लख्ख उन्हाचा. शेडपुढे मांडव, झेंडूच्या माळा, आणि रुळांवर बिन्नूच्या नाकासमोर आडवी बांधलेली लाल फीत. फितीच्या पलीकडे दोन्ही बाजूंना माणसं. आमच्या घरची मंडळी पुढच्या रांगेत. कुसुमने ठेवणीतली नऊवारी नेसली होती आणि ती सगळ्यांना सांगत होती की हे सगळं आमच्या यांनी केलं. नारळ फुटला. हुकुमचंद कोट घालून आले होते. त्यांना सन्मानाने वर चढवलं आणि दोरी हातात दिली. त्यांनी ती ओढली. आवाज असा निघाला की झाडावरचे सगळे पोपट उडाले आणि त्या पाठोपाठ टाळ्या पडल्या. हुकुमचंदांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते दोरी सोडेनात. दाबाचा काटा खाली यायला लागला, रामसनेही भराभर कोळसा घालायला लागले, शेवटी इदरीस भाईंनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

मग साहेबांनी हिरवा झेंडा दाखवला. सक्सेना जींनी लिव्हर पुढे टाकला, वाफ सोडली. बिन्नूने एक मोठा उसासा टाकला, चाकं फिरली, आणि ती अगदी ऐटीत मागे निघाली.

लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, धावून येण्यासाठी थोडी मागे जाते आहे. फीत लांब लांब राहिली. सक्सेना जींनी शेडच्या भिंतीच्या अलीकडे ब्रेक लावून इंजिन थांबवलं. मी इदरीस भाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघांनी रामसनेहींकडे पाहिलं. ते भट्टीत बघत होते.

सक्सेना जी खाली उतरले. चूक काय ते त्यांना पहिल्याच फेऱ्यात कळलं होतं. मी म्हटलं की लिव्हर मागे ओढा, पुढे जाईल. ते म्हणाले ते त्यांनाही ठाऊक आहे, पण वीस वर्षांची हाताची सवय आहे. पुढे माणसं उभी आहेत, त्यात लहान मुलं. घाईची वेळ आली आणि इंजिन मागे घ्यावं लागलं, तर हात आपसूक उलटा जाईल. "मेरा हाथ नहीं मानेगा, पाटील जी," असं ते सरळ म्हणाले. भल्या ड्रायव्हरचं हेच लक्षण आहे, आणि म्हणून मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. क्रँक सोडवून पुन्हा बसवायचे तर संध्याकाळ झाली असती. साहेबांची गाडी दुपारची होती. ते घड्याळ बघत अपर्णाला म्हणाले की प्रयत्न छान झाला, इंजिन सुंदर दिसतं आहे, संग्रहालयात शोभेल. अपर्णाचा चेहरा पडला. ती एरवी भराभर बोलणारी मुलगी, तिच्या तोंडून ना मराठी निघेना ना हिंदी.

सक्सेना जी विचार करत उभे होते. मग त्यांनी केबिनकडे वर बघून विचारलं, "बाबूजी, आपने स्टीम कभी चलाई है?"

रामसनेही म्हणाले, "नईं साब। झोंकी भर है।" म्हणजे नुसता कोळसा घातला आहे.

"फिर तो आप ही बैठिए। आपको भूलना कुछ नहीं है।"

सक्सेना जींनी साहेबांना समजावलं. रामसनेही जन्मभर रेल्वेतच होते, डिझेलच्या मोठ्या गाड्या त्यांनी चालवल्या आहेत, फक्त वाफेच्या लिव्हरची सवय त्यांच्या हाताला नाही, म्हणून आज सगळ्यांत योग्य हात तोच. ते स्वतः मागे उभे राहतील, ब्रेक त्यांच्याच हातात असेल, पायी चालण्याच्या वेगाने फितीपर्यंत जाऊन परत यायचं. साहेब तरुण होते, पण समजूतदार. त्यांनी एकदा रामसनेहींकडे नीट पाहिलं आणि झेंडा पुन्हा उचलला.

इदरीस भाईंनी फावडं हातात घेतलं. सवारी गाड्यांचा तो नखरेल फिटर त्या दिवशी फायरमन झाला. रामसनेही डावीकडच्या बैठकीपाशी गेले आणि थबकले. त्यांनीच बसवलेली, त्यांनीच चमकवलेली ती फळी त्यांनी गळ्यातल्या गमछ्याने पुन्हा पुसली. वाफ सोडायच्या मुठीला हात लावून कपाळाला लावला. मग ते बसले. मी खाली उभा होतो आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. या वेळी जवळपास बाभूळ नव्हती, त्यामुळे काही सांगायची सोय नव्हती.

त्यांनी लिव्हर मागे ओढला आणि बिन्नू पुढे आली. हळू, एकसारखी, प्रत्येक ठोका सारख्या अंतरावर. ठोके ऐकून मला कळलं की झडपा मी अगदी बरोबर लावल्या आहेत, आणि अशा वेळीही मला त्याचा अभिमान वाटला हे कबूल करतो. फीत तुटली. लोक ओरडत होते. रामसनेही मात्र समोर बघत ताठ बसले होते. शेडमधल्या जुन्या ड्रायव्हर साहेबांसारखे, एक कोपर खिडकीबाहेर काढून. बिन्नू झाशीतच राहणार हे साहेबांनी तिथेच माईकवर सांगून टाकलं, पण माझं निम्मंच लक्ष होतं.

पाहुणे गेल्यावर आम्ही तिघे शेडच्या पायरीवर चहा घेत बसलो. मी विषय काढला. म्हटलं, दादा, चूक कोणाचीही होते, पण तुम्ही इतक्या ठामपणे 'आगे' कसं सांगितलंत?

रामसनेहींनी चहाचा घोट घेतला. "हमें का पतो हतो? हमाई आँखें तो भट्टी में रहत हतीं। लीवर की तो डरेवर साब जानें।"

इदरीस भाईंचा कप तोंडाशीच राहिला. आम्ही दोघांनी मोठ्या आदराने नेमकं त्या माणसाला विचारलं होतं, ज्याने तो दांडा आणि तो लिव्हर कधी पाहिलाच नव्हता. फायरमनची मान खाली असते हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आम्हालाही होतं. मी विचारलं, मग माहीत नाही असं का नाही म्हणालात?

ते थोडे ओशाळले. कप खाली ठेवून म्हणाले, "जिनगी भर कोऊ ने फायरमैन से कछू नईं पूछी। तुम दोई जनन ने पैली बेर पूछी। ना कैसें कै देते?"

मी त्यांना आणखी एक चहा दिला.

त्यानंतरच्या रविवारी मी आणि इदरीस भाई क्रँक मागे झुकवायला पाना घेऊन बिन्नूच्या चाकापाशी बसलो. नट सैल करायच्या आधी इदरीस भाई थांबले. म्हणाले की हे सरळ झालं की सक्सेना जींचा हात मानेल. मग बैठकीवर सक्सेना जी बसतील. मी हातातल्या पान्याकडे पाहिलं. आमच्या नोकरीभरात झडपांच्या बाबतीत आमचं दोघांचं एकमत होण्याची ही पहिली वेळ. आम्ही नट तपासले, आणखी घट्ट केले आणि डबे उघडले.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी बिन्नू निघते. सक्सेना जी येतात, ब्रेकवर हात ठेवून मागे उभे राहतात आणि रामसनेहींना 'डरेवर साब' म्हणतात. हुकुमचंदही बसने येतात. शिट्टीची दोरी आता आम्ही आखूड केली आहे. शाळेतली मुलं बघायला येतात आणि लिव्हर मागे ओढल्यावर इंजिन पुढे कसं जातं असं विचारतात. रामसनेही त्यांना सविस्तर उत्तर देतात. ते उत्तर साफ चुकीचं असतं, पण ते देताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

अपर्णा मला दर वेळी विचारते, काका, तो क्रँक सीधा कधी करणार. मी सांगतो की त्या मापाचा पाना सापडत नाही. पाना माझ्या स्कूटरच्या डिकीत जुन्या फडक्यात गुंडाळलेला आहे. हा अंक तिच्या घरी जातो याची मला कल्पना आहे, पण मराठी वाचायचा तिला कंटाळा आहे, आणि वाचून दाखवायचं काम तिची आई करते. तिच्या आईला मी ही सगळी हकीकत आधीच सांगून ठेवली आहे. त्या म्हणाल्या आहेत की हे पान आलं की त्या चष्मा शोधायला उठतील.